एक डोळा उघडा ठेवून झोपणाऱ्यांसाठी



गेल्या पंधरवड्यात कोथरूडच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले. त्यांचे वय ७१, यजमानांचे ७८. यजमानांना कंपवात आहे. मुलगा परदेशी आणि मुलगी नागपूरला. दिवसा कामाला बाई येतात. रात्र मात्र सर्वस्वी त्यांच्या एकटीची. त्या लिहितात : ‘‘गेली अडीच वर्षे मी एक डोळा उघडा ठेवूनच झोपते. पलंग करकरला की जाग येते. कुशीवर वळवणे, शौचालयात नेणे, पांघरूण नीट करणे, असे रात्रीतून तीन-चारदा होते. परवा त्यांची रात्रीची गोळी माझ्या हातून दोनदा दिली गेली. डॉक्टरांना लगेच दूरध्वनी केला; सुदैवाने काही अपाय झाला नाही. पण तेव्हापासून मला माझीच भीती वाटू लागली आहे. अशा झोपेची शरीराला कधी सवय होते का हो?’’

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. पुण्यातल्या कितीतरी घरांत मध्यरात्रीनंतर एक दिवा मंद जळत असतो आणि त्याच्या उजेडात कोणीतरी अर्धवट जागे असते. म्हणून या पत्राचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे असे ठरवले. मात्र त्यासाठी आपल्याला प्रथम समुद्राकडे जावे लागेल. कारण ‘अर्धवट झोपेची सवय’ खरोखरच अंगी बाणवलेले प्राणी तेथे राहतात. त्यांना ती सवय कशी लागली आणि तिची किंमत त्यांनी कशी चुकवली, हे पाहिले की आपल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप स्पष्ट होईल.

आपल्यापैकी अनेकजण तारकर्ली-देवबागला किंवा दापोलीजवळच्या मुरूड-हर्णैला जाऊन आले असतील. सकाळच्या शांत पाण्यात होडी थांबते, नावाडी बोट दाखवतो आणि करड्या रंगाची, मध्ये उंचवटा असलेली एक पाठ क्षणभर वर येऊन नाहीशी होते. कोकण किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वावरणारा हा कुबडा डॉल्फिन. त्याचे वर येणे आपल्याला खेळकर वाटते; त्याच्यासाठी मात्र तो श्वास असतो. डॉल्फिन आणि देवमासा यांना मासे म्हणण्याचा आपला प्रघात असला, तरी ते आपल्यासारखेच सस्तन प्राणी आहेत. त्यांना कल्ले नसतात, फुप्फुसे असतात. त्यांचे रक्त उष्ण असते. माता पिल्लाला दूध पाजते. आणि पाण्यात जन्मलेल्या पिल्लाला आयुष्यातला पहिला श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावरच यावे लागते.

याचे कारण त्यांच्या कुळकथेत आहे. त्यांचे पूर्वज जमिनीवर चालत होते, आणि त्या कथेचे पहिले अध्याय आपल्याच उपखंडात सापडले आहेत. जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथे भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेल्या खडकांत ‘इंडोहायस’ नावाच्या एका लहानशा, चार पायांच्या, खुरे असलेल्या प्राण्याचे अवशेष होते. तो सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या कानाच्या हाडाची विशिष्ट घडण केवळ देवमाशांच्या कुळात आढळते, हे २००७ मध्ये जाहीर झाले. त्यानंतरच्या काळातील, अर्धे पाण्यात व अर्धे काठावर राहणाऱ्या देवमाशांचे अवशेष कच्छमध्ये मिळाले आहेत. आजच्या देवमाशाच्या पुढच्या पराचे हाड उकलून पाहिले, तर त्यात दंडाचे हाड, कोपराखालची दोन हाडे, मनगट आणि बोटांच्या पेरांची रांग दिसते. मनगटाच्या दुखण्यासाठी आपण काढलेल्या क्ष-किरण चित्रात जे असते, तेच. केवळ प्रमाण वेगळे.

अर्थात, जमिनीवरच्या शरीराला समुद्रात राहायचे म्हणजे एकेका अडचणीवर तोड काढावी लागली. पहिली अडचण श्वासाची. आपण शांतपणे श्वास घेतो तेव्हा फुप्फुसांतील हवेचा जेमतेम दहावा हिस्सा बदलतो. डॉल्फिन व देवमासे एका उच्छ्वासात बहुतांश हवा बाहेर टाकतात आणि ताजी हवा भरून घेतात. शिवाय प्राणवायूचा मोठा साठा ते फुप्फुसांत न ठेवता रक्तात आणि स्नायूंत ठेवतात. बुडी मारताच हृदयाचे ठोके मंदावतात आणि रक्त प्रामुख्याने मेंदू व हृदय यांच्याकडे वळते. या प्रतिक्षिप्त क्रियेचा अंश आपल्यातही आहे : चेहरा थंड पाण्यात बुडवला की माणसाचीही नाडी मंदावते. मात्र हृदयाची औषधे चालू असलेल्यांनी याचा प्रयोग घरी मुळीच करू नये.

दुसरी अडचण उष्णतेची. हवेच्या तुलनेत पाणी शरीराची ऊब सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. म्हणून कातडीखाली चरबीचा जाड थर आला. परांना मात्र असे आच्छादन नसते. तेथे उष्ण रक्त नेणारी रोहिणी मध्यभागी आणि थंड रक्त परत आणणाऱ्या नीला तिच्या सभोवती, अशी रचना आढळते. बाहेर निघालेली ऊब परतणाऱ्या रक्ताला मिळते आणि समुद्रात वाया जात नाही.

तिसरी अडचण मिठाची. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. आपले मूत्रपिंड इतके मीठ बाहेर टाकू शकत नाही. त्यामुळे समुद्राचे पाणी प्यायलेला माणूस अधिकच तहानेने व्याकूळ होतो. डॉल्फिनला लागणारे बहुतेक पाणी त्याच्या भक्ष्यातूनच मिळते. समुद्रपक्ष्यांनी वेगळा उपाय शोधला. त्यांच्या डोळ्यांच्या वर क्षारग्रंथी असतात. जास्तीचे मीठ या ग्रंथी रक्तातून वेगळे करतात आणि ते खारट थेंबांच्या रूपाने चोचीवरून गळून जाते.

या ग्रंथींची एक गोष्ट पुणेकरांना जवळची वाटावी अशी आहे. हिवाळ्यात सोलापूर रस्त्यावरील भिगवणजवळ उजनीच्या जलाशयावर आपण रोहित पाहायला जातो, तेव्हा होडीभोवती घिरट्या घालणारे पांढरेशुभ्र कुरव आठवतात ना? समुद्रकिनारी राहू शकणारे हे पक्षी गोड्या पाण्यावरही हिवाळा काढतात. कुरवांच्या क्षारग्रंथी खाऱ्या पाण्यावर राहताना मोठ्या व कार्यक्षम होतात आणि गोड्या पाण्यावर मुक्काम असला की आकसतात, असे अभ्यासात दिसून आले आहे. काम नसेल तेव्हा तो अवयव आपला पसारा आवरता घेतो. अविरत ताणावर राहण्याची सक्ती निसर्गाने त्या इवल्याशा ग्रंथीलाही केलेली नाही.

आता चौथी आणि सर्वांत बिकट अडचण : झोप. आपला श्वास झोपेत आपोआप चालतो. डॉल्फिनचा श्वास बहुतांशी त्याच्या इच्छेवर चालतो. श्वास घ्यायचा तर वर येण्याची हालचाल करावी लागते. मग तो झोपतो तरी कसा? रशियन शास्त्रज्ञ लेव मुखामेतॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या समुद्रातील डॉल्फिनच्या मेंदूचे विद्युत्आलेख काढले आणि १९७७ मध्ये त्याचे उत्तर मांडले. डॉल्फिनच्या मेंदूचा एक गोलार्ध गाढ झोपेत असतो, तेव्हा दुसरा जागा असतो. काही वेळाने पाळी बदलते. साधारणतः झोपलेल्या अर्ध्या भागाच्या विरुद्ध बाजूचा डोळा मिटलेला असतो आणि दुसरा उघडा. उघडा डोळा सोबत्यांवर आणि संकटांवर लक्ष ठेवतो, जागा गोलार्ध पोहणे व श्वास सांभाळतो.

ही व्यवस्था किती पक्की असावी? २०१२ मध्ये सॅन दिएगो येथील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रतिध्वनीवरून लक्ष्य ओळखण्याचे काम तेथे डॉल्फिनना अहोरात्र दिले होते. त्यांतल्या एका मादीने सलग १५ दिवस ते काम जवळजवळ अचूकपणे केले. आमच्या पत्रलेखिका भगिनींना ज्याची सवय व्हावीशी वाटते, ती हीच क्षमता. परंतु या मादीने ती सवय अडीच वर्षांत लावून घेतलेली नव्हती. तिच्या कुळाने त्यासाठी कोट्यवधी वर्षे खर्ची घातली आहेत.

आणि ज्या प्राण्यांची व्यवस्था इतकी पूर्ण नाही, ते काय करतात? फ्रिगेट नावाचा मोठा समुद्रपक्षी पावसाळी वादळात भरकटून क्वचित आपल्या कोकण किनाऱ्यावरही दिसतो. समुद्रावर जगूनही त्याला पाण्यावर उतरून विसावता येत नाही. त्याची पिसे भिजतात. गालापागोस बेटांवरील फ्रिगेट पक्ष्यांच्या डोक्यावर छोटी यंत्रे बसवून केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे पक्षी दहा दहा दिवस अखंड उडत राहिले. उडताना ते झोपले खरे, कधी अर्ध्या मेंदूने, कधी पूर्ण. पण दिवसाकाठी सरासरी अवघी ४२ मिनिटे. आणि जमिनीवर परतल्यावर? दिवसाला बारा तासांहून अधिक! उत्तर प्रशांत महासागरातील हत्ती-सीलची कथा अशीच आहे. सुमारे सात महिन्यांच्या समुद्रप्रवासात ते दिवसाकाठी केवळ दोन तास झोपतात, तेही खोल बुडी मारून, शत्रूच्या नजरेआड. किनाऱ्यावर आले की मात्र दहा दहा तास. थोडक्यात, जेथे झोप टाळता आली, तेथेही पुढे किनाऱ्यावरची गाढ झोप आहेच. किनारा कधीच न लागणारा प्रवास या प्राण्यांच्याही वाट्याला नाही.

आता आपल्याकडे वळू. माणसाच्या मेंदूत अशी पाळी असते का? अंशतः, आणि तीही अगदी थोडा वेळ. नव्या ठिकाणी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हा आपला सर्वांचा अनुभव. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, त्या पहिल्या रात्री गाढ झोपेतही आपल्या मेंदूच्या डाव्या गोलार्धातील एक भाग कमी गाढ झोपतो आणि बारीकशा आवाजालाही प्रतिसाद देतो. जणू तो पहाऱ्यावर असतो. मात्र पुढच्या मुक्कामात हा फरक नाहीसा होतो. आपल्या मेंदूला पहारा करता येतो, पण तो तात्पुरता. कायमचा पहारेकरी त्याच्यात नेमलेला नाही.

तेव्हा, भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे : नाही, अशा झोपेची शरीराला सवय होत नाही. सवय झाल्यासारखे वाटते, एवढेच. अपुऱ्या झोपेत काही आठवडे गेले की थकवा जाणवण्याची आपली शक्तीच बोथट होते, आणि चुका मात्र वाढत राहतात. गोळी दोनदा दिली गेली, हा आपल्या मायेतील उणेपणा नव्हे. ती थकलेल्या मेंदूची चूक आहे. तिच्याबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. परंतु तिच्याकडे सूचना म्हणून अवश्य पाहा. पासष्टीनंतरही माणसाला सात ते आठ तासांची झोप हवी असते, शुश्रूषा करणाऱ्यालाही.

मार्ग कोणता? तो पाणपक्ष्यांनीच दाखवला आहे. १९९९ मध्ये एका अभ्यासात बदकांना एका रांगेत झोपू दिले आणि त्यांच्या मेंदूचे आलेख काढले. रांगेच्या मध्यभागी असलेली बदके बहुधा दोन्ही डोळे मिटून झोपत. टोकाला असलेली बदके मात्र अर्ध्या मेंदूने जागी राहत आणि त्यांचा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा असे. याचा अर्थ असा की गाढ झोप मिळण्यासाठी दोन्ही बाजूंना कोणीतरी असावे लागते. घरातील आजारी माणूस रांगेच्या मध्यभागी असतो. शुश्रूषा करणारा टोकाला असतो. अडचण एवढीच की कित्येक घरांत तोच एकटा दोन्ही टोकांना असतो, आणि तेही वर्षानुवर्षे. डॉल्फिनच्या डोक्यात पाळी बदलते. आपल्या डोक्यात ती बदलत नाही. म्हणून ती घरात बदलावी लागते.

यासाठी काही गोष्टी सुचवतो. आठवड्यातून निदान दोन रात्री तरी दुसऱ्या कोणीतरी पलंगाजवळ झोपावे. रात्रपाळीच्या मावशी वा मामा, भाचा, शेजारचा विश्वासू मुलगा, कोणीही. आणि त्या रात्री आपण दुसऱ्या खोलीत, दार लोटून झोपावे. रोज रात्री माणूस ठेवणे परवडत नसेल, तरी दोन रात्रींचा हिशेब मांडून पाहावा. परगावच्या मुला-मुलींना ‘‘तुम्ही तिकडे सुखात राहा, आमचे चालले आहे’’ असे सांगण्याऐवजी त्या दोन रात्रींचा भार उचलायला स्पष्ट शब्दांत सांगावे. दुपारी रुग्णाजवळ कोणी असेल, त्या वेळी अर्धा-पाऊण तास अंथरुणाला पाठ टेकावी. तो वेळ कामांना देऊ नये.

रात्रीच्या खेपाही कमी करता येतात. रुग्णाला पाणी दिवसभरात पुरेसे द्यावे आणि झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत बेताचे. एकूण पाणी मात्र तोडू नये. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून वृद्धांनी मागण्याची वाट न पाहता दिवसा पाणी हाती द्यावे. पाण्यावर बंधन सांगितले असेल, तर डॉक्टरांचा सल्ला प्रमाण. लघवी अधिक करवणारी गोळी चालू असेल, तर तिची वेळ दिवसा घेता येईल का, हे त्यांनाच विचारावे. वेळ आपल्या मनाने बदलू नये. पलंगालगत कमोडची खुर्ची किंवा लघवीचे भांडे, वाटेवर मंद दिवा आणि रुग्णाच्या हाताशी घंटा ठेवावी. घंटा असली की करकरणाऱ्या पलंगाकडे कान लावून राहावे लागत नाही. गोळ्यांसाठी सात दिवसांच्या सकाळ-दुपार-रात्र अशा कप्प्यांचा डबा आणावा. कप्पा रिकामा दिसला की गोळी दिली गेली, हे नक्की कळते. तरीही चूक झालीच, तर आपण केलेत तसे लगेच डॉक्टरांना विचारावे. आणि स्वतःला झोप येत नाही म्हणून रुग्णाची झोपेची गोळी कधीही घेऊ नये.

रुग्ण झोपेत जोराने घोरता घोरता मध्येच श्वास थांबवत असेल, किंवा सपाट झोपल्यावर धाप लागून उठून बसत असेल, तर ते रात्रीच्या जागरणाचे निमित्त मानून सोडून देऊ नये. लवकर तपासणी करून घ्यावी. मनावरचा भार असह्य झाला, तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. आपल्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघातही विचारावे; तेथे या वाटेने गेलेले कोणी ना कोणी भेटतेच.

एक विनंती ज्यांच्यासाठी हे जागरण चालते, त्या वडीलधाऱ्या वाचकांना. परके माणूस रात्री जवळ नको, हा आपला संकोच समजण्यासारखा आहे. पण तो संकोच आपल्या सहचारिणीच्या किंवा सहचराच्या झोपेतून वसूल होतो. ‘‘आज मावशी आहेत, तू आत जाऊन झोप,’’ हे वाक्य आपण स्वतः उच्चारलेत, तर त्याचे मोल कोणत्याही औषधाहून कमी नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय ती दार लोटणार नाही.

शेवटी पुन्हा कोकण. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक प्रचंड पिल्लू वाळूत अडकले. पाण्याने तोललेले ते शरीर जमिनीवर आले की स्वतःच्याच वजनाने फुप्फुसे दबतात, कातडी सुकते आणि समुद्रात ऊब राखणारी चरबी उन्हात घातक ठरते. समुद्रासाठी घडलेला तो देह किनाऱ्यावर स्वतःला सांभाळू शकत नव्हता. सुमारे चाळीस तास वनखाते, तटरक्षक दल आणि ग्रामस्थ खपत राहिले. एक तुकडी दमली की दुसरी पुढे होई. पिल्लाला खोल पाण्यात नेण्यात अखेर यश आले. पुढे ते परतून किनाऱ्याला लागले आणि दगावले. शुश्रूषा करणाऱ्यांना हा शेवट अनोळखी नाही. सगळे करूनही काही वेळा हाती तेच उरते.

परंतु त्या चाळीस तासांत वाळूवर कोणी एकटा उभा नव्हता. आपल्या घरातही तसेच असावे, एवढेच मागणे आहे. भगिनी, या पंधरवड्यात दोन रात्री ठरवा, त्या कोणाला तरी द्या, आणि दोन्ही डोळे मिटून झोपा. कसे झाले, ते अवश्य कळवा.